हलक्या पोलादी सांगाड्याचे घर : गिरडची काळी माती आणि वैशाखाचे ऊन

वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्यातले गिरड हे गाव विदर्भात ओळखले जाते ते टेकडीवरील बाबा फरीद यांच्या दर्ग्यामुळे. हिंदू आणि मुस्लिम अशा दोन्ही समाजांचे भाविक येथे नेमाने येतात. टेकडीवर गोलसर, खडबडीत खडे विखुरलेले दिसतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, ते हेच, अशी आख्यायिका आहे. भूशास्त्र त्यांचा संबंध लाव्हारसापासून बनलेल्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांशी जोडते. अशा पोकळ्यांत झिओलाइट नावाची खनिजे साकळतात. घर बांधू पाहणाऱ्याने आख्यायिकेबरोबर ही दुसरी गोष्टही ध्यानात ठेवावी. टेकडीच्या अंगाला थोडे खणले की मुरूम आणि खडक लागतो, पण तोच पाषाण झिजून शेतशिवारात जी काळी माती साचली आहे, ती कापसाला जितकी मानवते तितकीच घराच्या पायाला छळते.

नोकरीनिमित्त नागपूर, पुणे, मुंबई येथे स्थिरावलेल्या अनेक कुटुंबांची अशा गावांत वडिलोपार्जित जागा असते. निवृत्तीनंतर तेथे दोन खोल्यांचे टुमदार घर असावे, ही इच्छा जुनीच आहे. अडचण असते ती बांधकामाची. रोज देखरेखीला कोणी नाही, रेती वेळेवर मिळत नाही, गवंडी पेरणीच्या दिवसांत शेतावर जातो आणि सहा महिन्यांचे काम दीड वर्षावर लांबते. अशा वेळी ‘दोन महिन्यांत पोलादी घर’ ही जाहिरात मोह घालते. भविष्यनिर्वाह निधीची आयुष्यभराची पुंजी त्यात घालण्यापूर्वी हे घर नेमके काय असते आणि विदर्भाच्या हवामानात ते कसे वागते, हे समजून घेतलेले बरे.

घर की टिनाचे शेड?

पहिला गैरसमज नावातच आहे. ‘स्टीलचे घर’ म्हटले की डोळ्यांपुढे टिनाचे शेड किंवा रस्त्याच्या कामावरची पत्र्याची केबिन येते. हलक्या पोलादी सांगाड्याचे घर, ज्याला व्यवहारात ‘एलजीएसएफ’ म्हणतात, ते या दोहोंपेक्षा वेगळे आहे. कारखान्यांच्या गोदामांना वापरतात त्या जाडजूड पोलादी तुळया येथे नसतात. साधारण पाऊण ते दीड मिलिमीटर जाडीचा, जस्ताचा थर दिलेला पोलादी पत्रा थंड अवस्थेतच यंत्रात घालून इंग्रजी ‘सी’ अक्षराच्या आकारात वाकवतात. अशा उभ्या पट्ट्या चारशे ते सहाशे मिलिमीटर अंतरावर उभ्या करून, वर-खाली आडव्या पट्ट्यांना स्क्रूने जोडून भिंतीचा सांगाडा तयार होतो. त्याच्या पोटात खनिज लोकर भरतात. बाहेरून सिमेंटचे बोर्ड आणि आतून जिप्समचे बोर्ड लावले की भिंत पुरी होते. रंग दिल्यावर ती विटेच्या भिंतीहून वेगळी ओळखू येत नाही. बोटाने ठोकून पाहिले तरच आवाज पोकळ येतो, आणि गावाकडचे पाहुणे पहिल्यांदा तेच करतात.

ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. कुडाच्या भिंतीत बांबू-काटक्यांचा सांगाडा असतो आणि माती केवळ आवरण असते. जुन्या वाड्यातही बराच भार सागवानी खांब आणि तुळयाच पेलत. लाकडाच्या जागी वाकवलेला पत्रा आणि सुताराच्या जागी संगणक आला, एवढेच. अमेरिकेत वाकवलेल्या पातळ पत्र्याच्या रचनेची पहिली प्रमाणित नियमावली १९४६ साली निघाली. भारतीय मानक ‘आयएस ८०१’ हे १९७५ सालचे आहे. ते जुने पडल्यामुळे अनेक अभियंते आजही जोडीला परदेशी नियमावल्यांचा आधार घेतात.

सरकारी पातळीवर या पद्धतीला मान्यता आहे. १९९० साली स्थापन झालेल्या निर्माण सामग्री व तंत्रज्ञान प्रोत्साहन परिषदेने नव्या बांधकाम पद्धतींच्या यादीत तिचा समावेश केला. १ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते देशातील सहा शहरांत ‘लाइट हाऊस’ प्रकल्पांची पायाभरणी झाली. त्यांतील आगरतळा येथील सुमारे हजार सदनिकांच्या प्रकल्पासाठी हलका पोलादी सांगाडा आणि त्याच्या जोडीला जड पोलादी चौकट अशी पद्धत निवडली गेली. भूकंपप्रवण आणि मुसळधार पावसाच्या त्रिपुरासाठी ती निवडावी, हे अर्थपूर्ण आहे. परंतु वर्ध्याचे प्रश्न त्रिपुराचे नव्हेत.

वजनाचा हिशेब

या घराचा सर्वांत मोठा गुण म्हणजे हलकेपणा. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली नऊ इंची विटेची भिंत दर चौरस मीटरला साडेचारशे ते पाचशे किलो भरते. पोलादी सांगाड्याची भिंत बोर्ड आणि लोकर धरून साधारण चाळीस ते साठ किलो. भूकंपात घरावर येणारा धक्का घराच्या वजनाच्या प्रमाणात असतो, म्हणून या फरकाला महत्त्व येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे घडले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. अधिकृत नोंदीनुसार सुमारे आठ हजार माणसे दगावली. भूकंप रिश्टर मापनावर सहाच्या थोडा वर होता. इतक्या तीव्रतेच्या भूकंपात एवढी मनुष्यहानी झाली ती घरांच्या वजनामुळे आणि सैल बांधणीमुळे.

वर्धा जिल्हा भूकंपाच्या दृष्टीने राज्यातील कमी धोक्याच्या भागात मोडतो. त्यामुळे गिरडमध्ये केवळ भूकंपाच्या भीतीने पोलादी घर बांधा, असे कोणी सांगितले तर ते विक्रेत्याचे बोलणे समजावे. येथे हलकेपणाचा हिशेब वेगळ्या दोन ठिकाणी लागतो, आणि दोन्ही ठिकाणी तो घराच्या विरुद्ध जाऊ शकतो.

पहिले ठिकाण म्हणजे पाया. हलके घर, म्हणून पाया स्वस्त, असे सर्रास सांगितले जाते. मुरमावर ते बव्हंशी खरे आहे. काळ्या मातीत मात्र ते धोक्याचे ठरते. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आक्रसते. फुगताना ती वरच्या बांधकामाला उचलते. जड इमारत आपल्या भाराने तिला थोडेफार दाबून धरते. हलक्या घराला ते जमत नाही. जोते एका कोपऱ्यात बोटभर उचलले गेले तरी दारे अडकतात, बोर्डांच्या सांध्यांना चिरा जातात आणि त्यांतून पावसाचे पाणी भिंतीत शिरते. यावरचा जाणता उपाय रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने कित्येक दशकांपूर्वी रुळवला आहे. खालच्या टोकाला गड्ड्यासारखे फुगवलेले काँक्रीटचे खांब साडेतीन मीटरच्या आसपास खोल उतरवायचे. ऋतुमानाने होणारी मातीची हालचाल तेवढ्या खोलीवर पोचत नाही. खांबांना जोडणाऱ्या तुळईखाली थोडी पोकळी ठेवायची, म्हणजे माती फुगली तरी तुळईला ढकलणार नाही. मातीचा थर पातळ असेल तर ती पूर्ण काढून मुरूम भरणे हाही मार्ग आहे. कोणता मार्ग घ्यायचा हे जागेवर दोन खड्डे घेऊन ठरते. पाहणी न करता पायाचा दर सांगणाऱ्या कंत्राटदाराला तेथेच थांबवावे.

दुसरे ठिकाण म्हणजे वारा. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. गिरडचे घर त्याच हिशेबाने आखावे. वैशाखातल्या वादळात टिनपत्रे उडून शेजारच्या वावरात पडतात, हे विदर्भात दर वर्षीचे दृश्य आहे. वारा छपराला वर खेचतो, आणि हलक्या घराला खाली धरून ठेवणारे स्वतःचे वजन नसते. म्हणून छपरापासून भिंतीपर्यंत आणि भिंतीपासून पायापर्यंत पोलादी बंधांची अखंड साखळी लागते. भिंतींच्या टोकांशी आणि दारांच्या बाजूंना पायातून आलेले जाड बोल्ट त्या साखळीची शेवटची कडी होत. रंगरंगोटी झाल्यावर यातले काहीच दिसत नाही. सांगाडा उघडा असतानाच ते मोजून घ्यावे लागते.

ऊन, हाच खरा प्रश्न

गिरडमध्ये पोलादी घर यशस्वी होईल की नाही, हे मे महिना ठरवतो. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात. जाड मातीची भिंत अशा वेळी उष्णता सावकाश शोषून घेते आणि बाहेरचे ऊन आत पोचायला संध्याकाळ उजाडते. सेवाग्रामला बापूकुटीत भर दुपारी शिरणाऱ्याला हा फरक कोणी समजावून सांगावा लागत नाही. पोलादी सांगाड्याच्या घराजवळ हे साठवणीचे बळ नाही. ते लवकर तापते आणि लवकर निवते. रात्री खिडक्या उघडल्या की विटेच्या घरापेक्षा ते आधी थंड होते, हा त्याचा फायदा. विटेच्या भिंती मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतात. पण दुपारचा सामना करायचा तो केवळ उष्णतारोधक थराच्या जोरावर.

येथे जाहिरातीत न येणारी एक बाब सांगायला हवी. खनिज लोकर उष्णता उत्तम अडवते. पोलाद ती लोकरीच्या हजारपटीने वाहून नेते. भिंतीतली प्रत्येक उभी पट्टी म्हणजे उन्हाला आत यायला टाकलेला पूलच. पट्ट्या सोळा इंचांवर असतील, तर त्यांच्यामध्ये भरलेल्या लोकरीची परिणामकारकता निम्म्यावर येते, असे अभियंत्यांच्या प्रमाणित तक्त्यांत दिलेले आहे. उपाय सोपा आहे, पण खर्चाचा आहे. सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाने, पट्ट्यांवरून सलग जाणारा रोधक थर द्यावा लागतो. कंत्राट स्वस्त करताना नेमका हाच थर गाळला जातो. मग पहिल्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र अखंड चालवावे लागते आणि दोष पोलादाला दिला जातो.

छप्पर भिंतीहून महत्त्वाचे, कारण माथ्यावरचे ऊन तेच झेलते. पांढऱ्या किंवा फिकट रंगाचा पत्रा, त्याखाली वारा खेळेल अशी पोकळी, मग जाड रोधक थर आणि शेवटी आतले तक्तपोशीचे आवरण, अशी रचना येथे चैन नव्हे. वरून कवेलू घातले तरी चालते. तो भार धरून सांगाडा आखला म्हणजे झाले. कवेलूंमुळे पावसाचा पत्र्यावरचा ताशाही कमी होतो. पश्चिमेला खोल पडवी ठेवावी. विदर्भातली जुनी घरे पडवीशिवाय क्वचितच असत, आणि सिमेंटच्या घरांनी ती टाकली ही चूक पोलादी घरांनी पुन्हा करू नये.

कूलरचा विचार आराखड्यातच करावा. विदर्भात घर म्हणजे कूलर आलाच. त्याची चौकट भिंतीत नंतर कापून बसवायची म्हटले तर एखादी भार पेलणारी पट्टी कापली जाण्याची भीती असते. कूलरचे ठिबकणारे पाणी भिंतीच्या तळपट्टीत साचले तर गंज तेथूनच सुरू होतो. कूलर स्वतंत्र घोडीवर, भिंतीपासून किंचित अंतर सोडून ठेवावा.

गंज, आग आणि वीज

गंजाच्या बाबतीत विदर्भ सुदैवी आहे. कोकणच्या खाऱ्या हवेत जस्ताचा थर कितीतरी वेगाने झिजतो. समुद्रापासून दूर कोरड्या हवेत तो दीर्घकाळ टिकतो. पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून दर चौरस मीटरला २७५ ग्रॅम जस्त, म्हणजे प्रत्येक बाजूला सुमारे वीस मायक्रॉनचा थर, हे घरासाठी प्रचलित प्रमाण आहे. कापलेल्या कडांनाही शेजारचे जस्त स्वतः झिजून संरक्षण देते. याच्या उलट वेल्डिंग केले की जस्त जळते. म्हणून जागेवर वेल्डिंग करणारा कारागीर दिसला तर काम थांबवावे. गावातले शत्रू वेगळे आहेत. युरियाची पोती भिंतीला टेकून रचणे आणि घराला लागून गोठा बांधणे या दोन सवयी टाळाव्या लागतात. खते आणि जनावरांचे मूत्र जस्ताला घातक आहेत. वाळवीची मात्र चिंता नाही. सागवानी चौकटी पोखरलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या एका गुणाचे मोल कळेल.

आगीचा मुद्दा कापूस पिकवणाऱ्या मुलखात वेगळा ठरतो. पोलाद जळत नाही हे खरे. पण साडेपाचशे अंशांच्या आसपास त्याची ताकद जवळपास निम्मी होते, आणि पातळ पत्रा त्या तापमानाला लवकर पोचतो. त्याला वाचवतो तो आतला जिप्समचा बोर्ड. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे पंचमांश पाणी बांधलेले असते, ते वाफ होऊन जाईपर्यंत मागचा पोलाद फारसा तापत नाही. स्वयंपाकघरात बोर्डाचे दोन थर घ्यावेत. भाव वाढेल या आशेने कापूस घरातच भरून ठेवण्याची आपल्याकडील रीत मात्र या घरात चालणार नाही. कापसासाठी वेगळी कोठी बांधावी, आणि खरे तर ही सूचना विटेच्या घरालाही लागू आहे.

सगळा सांगाडा धातूचा असल्याने तो जमिनीशी योग्य रीतीने जोडणे म्हणजे अर्थिंग करणे अनिवार्य आहे. वीज पडण्याच्या घटना विदर्भात दर वर्षी घडतात; नीट अर्थिंग केलेला अखंड सांगाडा विजेला जमिनीत जायला वाट देतो. पट्ट्यांच्या छिद्रांतून जाणाऱ्या तारांना रबरी किंवा प्लास्टिकच्या कड्या हव्यात, नाहीतर धारदार कडेने आवरण कापले जाते. गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच मुख्य पाटीवर असलाच पाहिजे.

पाच मैलांचे सूत्र

वर्धा जिल्ह्यात घरबांधणीवर लिहायचे आणि गांधीजींचा उल्लेख टाळायचा, हे शक्य नाही. १९३६ मध्ये ते सेगावला राहायला आले. पुढे हेच सेवाग्राम झाले. माती, बांबू आणि कवेलूंच्या तेथील कुट्या परिसरात मिळणाऱ्या साहित्यातून उभ्या राहिल्या. घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या वस्तूंनी बांधावे, हे गांधीजींचे सूत्र वास्तुशिल्पी लॉरी बेकर आवर्जून सांगत. वर्ध्याजवळ दत्तपूर येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्रानेही मातीची आणि शंकूच्या आकाराच्या भाजक्या नळ्यांच्या कमानी छपराची घरे विकसित केली. हे काम आजही अभ्यासण्याजोगे आहे.

या कसोटीवर पोलादी घर उतरत नाही. पोलाद बनवताना लागणारी ऊर्जा मोठी असते. मात्र चित्र एकरंगी नाही. याच जिल्ह्यात भूगावला पोलादाचा मोठा कारखाना अनेक वर्षांपासून आहे, आणि नागपूरजवळ कळमेश्वरला जस्तलेपित व रंगीत पत्र्याचा. गिरडला लागणारी रेती, सिमेंट आणि पक्की वीटही आता पाच मैलांच्या आतून येत नाही. पोलादी सांगाड्याला भिंत भिजवण्यासाठी पाणी लागत नाही. उन्हाळ्यात गावची विहीर आटलेली असताना ही बाब किरकोळ नसते. शिवाय घर कधी उतरवले तर पोलाद पुन्हा वितळवता येते. माझे मत विचाराल तर, स्वतः गावात राहून दर वर्षी लिंपण-सारवण करणाऱ्या कुटुंबासाठी सुधारित मातीचे घर आजही अधिक सुखाचे आहे. वर्षातले आठ महिने कुलूप राहणार असेल, तर पोलादी घर त्याहून कमी त्रास देईल.

व्यवहाराच्या गोष्टी

पोलादी घराची रचना संगणकावर पूर्ण झाल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. तारांची आणि नळांची छिद्रेही कारखान्यातच पडतात. म्हणून खिडकी कोठे, देवघर कोठे, पंख्याचा हुक कोठे, हे सारे आधी ठरवावे लागते. ‘जोते झाल्यावर बघू’ ही आपली सवय येथे महागात पडते. भिंतीवर जड कपाट किंवा पाण्याची टाकी येणार असेल तर त्या जागी आतून आधाराची पट्टी आधीच बसवून घ्यावी. न्हाणीघरात जिप्सम चालत नाही. सिमेंटचे बोर्ड आणि त्यावर जलरोधक लेप हवा. पुढे वर मजला चढवायचा विचार असेल तर तो पहिल्या आराखड्यातच आला पाहिजे.

सांगाडा काही दिवसांत उभा राहतो, नियोजन चोख असेल तर लहान घर दोन-तीन महिन्यांत राहण्याजोगे होते. खर्च मात्र विटेच्या घराहून सहसा कमी नसतो, आणि रोधक थर नीट घातला तर अधिकच होतो. बचत होते ती वेळेची, देखरेखीची आणि घरभाड्याची. नागपूरहून यंत्रे व कुशल जोडारी आणावे लागत असल्याने एकट्या घरापेक्षा दोघा-तिघा भावंडांनी मिळून काम काढले तर परवडते.

कर्ज घेणार असाल तर करार करण्याआधी बँकेच्या मूल्यांकनकर्त्याला विचारावे. विटेच्या घरांची सवय असलेले काही जण अशा घराचे आयुष्य कमी धरतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून मैदानी प्रदेशासाठी १ लाख २० हजार रुपयांचे केंद्र-राज्य मिळून साहाय्य आणि किमान २५ चौरस मीटरचे घर असे प्रमाण ठरले. ते हप्त्याहप्त्याने, बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे पाहून मिळते. पोलादी घराचे टप्पे वेगळे असतात, म्हणून गावातील लाभार्थी नातेवाइकाला या पद्धतीचा सल्ला देण्यापूर्वी पंचायत समितीत टप्प्यांची खात्री करून घ्यावी.

कंत्राटदाराकडे पत्र्याच्या कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागावे; त्यावर पोलादाची ताकद आणि जस्ताचे प्रमाण लिहिलेले असते. रचनाकार अभियंत्याच्या सहीचे नकाशे आणि त्यात गृहीत धरलेला वाऱ्याचा वेग पाहावा. लोकरीची जाडी व घनता, बाहेरचा सलग रोधक थर आणि लेपित स्क्रू यांचा उल्लेख करारात शब्दांत असावा. त्याने आधी बांधलेले एखादे घर असेल तर ते मे महिन्यात, दुपारी तीन वाजता पाहावे.

कामाचा हंगाम दिवाळीनंतरचा. पाऊस ओसरून जमीन वाहनांना पेलू लागली की पाया घ्यावा, आणि होळीच्या आत बोर्ड लागलेले असावेत, म्हणजे उघडी लोकर अवकाळी पावसात भिजत नाही. पायाची पातळी सांगाडा येण्यापूर्वी पाणसळीने स्वतः उभे राहून तपासून घ्यावी. कारखान्यातून आलेली भिंत एक-दोन मिलिमीटरच्या अचूकतेची असते, आणि गवंड्याच्या हातचे जोते एखाद्या बोटाने तिरके असेल तर ती तेथे बसत नाही. मग ती ठोकून बसवतात, आणि पुढच्या पावसाळ्यात सांधे पाझरू लागतात.